दाजी लंग ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टवर आहेत, ताईच्या घराला नेमका कसा आधार द्यायचा?

सिडकोकर

नमस्कार मंडळी. विषय मोठा आहे आणि लिहितानाही नीट सुचत नाहीये, पण इथे अनुभवाचं बोलणारी माणसं आहेत म्हणून विचारतोय.

माझे दाजी, वय ४७, अंबड एमआयडीसीत सुपरवायझर. बराच काळ कोरडा खोकला होता, जिना चढताना दम लागायचा. ॲलर्जी म्हणून औषधं झाली, धुळीने होतंय म्हणून मास्क झाला, शेवटी सीटी स्कॅन केला तेव्हा आयएलडी निघालं. म्हणजे फुफ्फुस आतून कडक होत जातं आणि जेवढं कडक झालं तेवढं परत मऊ होत नाही. गॅलरीतल्या कबुतरांचाही संबंध असू शकतो असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी वेग कमी झाला पण थांबलं नाही. आता चोवीस तास ऑक्सिजन चालू असतो, बसल्या जागी ३ लिटर, आणि बाथरूमपर्यंत जाऊन आले तरी ऑक्सिमीटर ८० च्या आसपास दाखवतो. मुंबईच्या एका सेंटरला सगळ्या तपासण्या होऊन लिस्टमध्ये नाव लागलंय.

हॉस्पिटलने सांगितलंय की फोन आला की दोन तासांत पोचता आलं पाहिजे. नाशिकहून ते जमणारच नाही, कसाऱ्याला एखादा ट्रक आडवा झाला की संपलं, म्हणून ताई आणि दाजी हॉस्पिटलजवळ खोली भाड्याने घेऊन राहणार आहेत. किती महिने ते कुणीच सांगू शकत नाही. इकडे सिडकोतल्या घरी ताईच्या सासूबाई (बीपी, शुगर), भाची दहावीला, भाचा सहावीत.

ताईला विचारलं काय करू, तर म्हणते काही नको रे, आम्ही बघतो. आणि रात्री दीडला व्हॉट्सॲपवर ऑनलाइन दिसते. नातेवाईक रोज फोन करून विचारतात नंबर कितवा आला, तिला ते सांगून सांगून वैताग आलाय. त्यात मागच्या आठवड्यात माझी आई बोलता बोलता म्हणून गेली, "म्हणजे आपण कुणाच्या तरी मरणाची वाट बघत बसायचं का गं?" ती काही वाईट मनाने बोलली नाही, तिला स्वतःलाच ते टोचत होतं, पण तेव्हापासून ताई तिच्याशी कामापुरतंच बोलते.

मी आणि माझी बायको दोघं नोकरी करतो, पैसा खूप नाही पण हातपाय आहेत. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा, बाहेरच्या माणसाने केलेली कोणती गोष्ट खरंच उपयोगी पडली?


नाशिकरोडची वहिनी

दादा, तुमचं वाचून सगळं परत डोळ्यासमोर आलं. माझ्या मिस्टरांचं डबल लंग ट्रान्सप्लांट चेन्नईत झालंय, आता ते कॉलनीत सकाळी फिरायला जातात. वाट बघण्याचा काळ ऑपरेशनपेक्षा अवघड गेला, हे आधीच सांगते, कारण लोक ऑपरेशनला धावून येतात आणि त्याच्या आधीच्या महिन्यांत कुणी नसतं.

ताई "काही नको" म्हणते ते खरं समजू नका. तिच्या डोक्यात एवढं चालू असतं की तुम्हाला कोणतं काम द्यायचं याचा विचार करायलाही जागा उरत नाही. "काही लागलं तर सांग" म्हटलं की अजून एक काम तिच्याच अंगावर येतं, आठवून सांगायचं. त्यामुळे विचारू नका, एक काम पूर्ण उचला आणि तिला फक्त कळवा. माझ्या जावेने मला फोन करून सांगितलं, आजपासून आत्यांचं (आमच्या सासूबाईंचं) औषध, शुगरची तपासणी आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट माझ्याकडे, तू विचारायचं पण नाही. आणि खरंच मला पुन्हा ते बघावं लागलं नाही. बाकी वीस जण "आम्ही आहोत" म्हणाले, त्यातले चांगले होते सगळे, पण मला आठवतं ते जावेचं काम.

तुमच्याकडे तसं बघितलं तर घर उचलता येईल. सासूबाईंचं औषध, लाइट बिल, गॅस, मुलांची फी, भाचीचा क्लास. भाची दहावीला आहे म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, आणि फोन नेमका त्याच आठवड्यात येऊ शकतो. तेव्हा कोण तिच्यासोबत सेंटरवर जाणार, रात्री तिच्याजवळ कोण झोपणार, हे आत्ताच ठरवा आणि तिलाही सांगून ठेवा. मुलांपासून लपवू नका. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता, आम्ही त्याच्यासमोर हळू आवाजात बोलायचो आणि तो बिचारा गूगलवर काहीबाही वाचून एकटाच घाबरायचा. डॉक्टरांनीच शेवटी त्याला बसवून चित्र काढून समजावलं तेव्हा त्याला झोप लागायला लागली.

दुसरं, बहुतेक सेंटर दुसरा केअरगिव्हर (पेशंटची काळजी घेणारा माणूस) कोण हे विचारतात. तुम्ही व्हा. ऑपरेशननंतरचं ट्रेनिंग असतं, औषधांच्या वेळा, ताप बघणं, घरच्या छोट्या मशीनवर फुंकून आकडा लिहिणं, ते ताईबरोबर तुम्हीही शिकून घ्या. ऑपरेशननंतर शरीराने नवं फुफ्फुस नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या जन्मभर असतात आणि बारा-बारा तासांनी ठरल्या वेळेलाच घ्याव्या लागतात, रक्तातली लेव्हल वरचेवर बघतात. ताई स्वतः तापाने पडली तर त्या खोलीत तिने यायचंच नसतं, मग गोळ्या कोण देणार? त्यासाठी दुसरा माणूस हवा. महिन्यातून दोन-तीन दिवस तुम्ही जाऊन राहा आणि तिला नाशिकला पाठवा. ती नाही म्हणेल. तिकीट काढूनच सांगा.

फोनचं म्हणाल तर तुम्ही मधे उभे राहा. नातेवाइकांचा एक ग्रुप करा, त्यात फक्त तुम्ही लिहायचं, आठवड्यातून एकदा. "दाजी ठीक, नवीन काही नाही, ताईला फोन करू नका, मेसेज टाका आणि उत्तराची अपेक्षा ठेवू नका." काही लोकांना राग येईल, येऊ दे.

अजून एक, खोटा कॉल. फोन येतो, उपाशी राहा म्हणतात, धावत पळत जातो, ॲडमिट होतो, रक्त घेतात, आणि पहाटे सांगतात की फुफ्फुस चांगलं नाही, परत जा. यात कुणाची चूक नसते, तिकडे सर्जन प्रत्यक्ष बघतात तेव्हाच कळतं. आमच्याकडेही असं झालं आणि त्या दिवशी खोलीवर परत आल्यावर मिस्टर भिंतीकडे तोंड करून झोपले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. त्या दिवशी माझी बहीण योगायोगाने तिथे होती, तिने काही समजावलं नाही, खिचडी टाकली आणि मला अंघोळीला पाठवलं. म्हणून म्हणते, पहिला फोन आला की लगेच कुणीतरी निघायचं. तोच खरा कॉल असेल असं धरूनही, आणि नसेल तर खोलीवर कुणीतरी असावं म्हणूनही.


को-ऑर्डिनेटर होते मी

मी काही वर्षं ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर म्हणून काम केलंय (पुण्याकडे), त्यामुळे "नंबर कितवा" याचं उत्तर देते, ते सरळ कॉपी करून तुमच्या ग्रुपमध्ये टाका.

ही रेशनच्या दुकानासारखी रांग नसते. दात्याचा रक्तगट जुळावा लागतो, आणि फुफ्फुसाच्या बाबतीत छातीचा आकारही, म्हणून उंची बघतात. उंच माणसाचं फुफ्फुस ठेंगण्या माणसाच्या छातीत बसत नाही. त्यामुळे यादीत मागे असलेल्याला आधी मिळू शकतं आणि पुढे असलेला थांबू शकतो. शिवाय पेशंटला मधेच इन्फेक्शन झालं तर तेवढ्यापुरतं नाव इनॅक्टिव्ह करतात, बरं झालं की परत ॲक्टिव्ह. तेव्हा घाबरायचं नाही, नाव कापलेलं नसतं.

आणि फुफ्फुसं मिळणं मुळात कठीण का, तर दाता ब्रेन डेड (मेंदू कायमचा बंद पडलेला) असतो, व्हेंटिलेटरवर असतो, फुफ्फुसात पाणी साठतं, इन्फेक्शन होतं, अपघातात छातीला मार असतो. एकाच दात्याच्या दोन्ही किडन्या आणि लिव्हर वापरता येतात पण फुफ्फुसं नाहीत असं नेहमी घडतं. काढल्यावर साधारण सहा तासांत बसवून रक्त सुरू व्हावं लागतं, किडनीला त्या मानाने खूप जास्त वेळ मिळतो. दोन तासांत पोचा हे हॉस्पिटल म्हणतं ते यामुळे.

मुंबईच्या हॉस्पिटलची यादी मुंबईचं झेडटीसीसी (त्या विभागातल्या अवयवांचं वाटप बघणारी समिती) बघतं. नाशिकला अवयवदान झालं तर ते पुण्याच्या झेडटीसीसीकडून वाटप होतं, आणि त्यांच्या भागात जुळणारा कुणी नसेल तर ते फुफ्फुस राज्यातल्या दुसऱ्या झोनला आणि मग राज्याबाहेर जातं. २०२३ मध्ये केंद्राने दोन-तीन चांगले बदल केले. कुठल्याही राज्यात नाव नोंदवता येतं, डोमिसाइल लागत नाही, ६५ वर्षांची वयाची अट गेली आणि नोंदणीसाठी फी घ्यायची नाही असं राज्यांना सांगितलं. पण नाव एकाच हॉस्पिटलमार्फत असतं. तेव्हा "इकडेही टाकून बघू, तिकडेही टाकून बघू" असा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. सेंटर बदलायचं असेल तर डॉक्टरांशी बोलून रीतसर बदलता येतं.

एक काळजीने सांगते. लिस्टवर नाव आहे हे जितक्या लोकांना कळतं तितकी "आमची ओळख आहे, लवकर मिळवून देतो" म्हणणारी माणसं येतात. अवयव विकणं, विकत घेणं, त्यासाठी मध्यस्थी करणं हा १९९४ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, तुरुंगवास आहे, आणि मृत दात्याचं फुफ्फुस ओळखीने मिळतच नाही. ताई हवालदिल असताना तिला असा फोन आला तर? म्हणून तिला आणि दाजींना आधीच सांगून ठेवा की असा कुणाचाही फोन तुमच्याकडे वळवायचा.

फोन आल्यावर काय हे आज रात्रीच लिहून ठेवा. दोघांचे मोबाइल सायलेंटवर नकोत, अनोळखी नंबर उचलायचा, हॉस्पिटलला तिसरा नंबर म्हणून तुमचा द्या. एका बॅगेत फाइल, आधार, इन्शुरन्सची कागदं, चार्जर, चालू गोळ्यांची यादी. फोन आला की दाजींनी पाणीसुद्धा हॉस्पिटलला विचारूनच प्यायचं. आणि रात्री दोनला कोणती गाडी, कोण ड्रायव्हर, गाडीत किती वेळ पुरेल एवढा सिलिंडर, हे नक्की असलं पाहिजे.

निकालाबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगते कारण घरातल्यांना खरं माहीत असावं. जगभरचे आकडे बघितले तर ट्रान्सप्लांटनंतर पाच वर्षांनी निम्म्याहून थोडे जास्त पेशंट हयात असतात. किडनी-लिव्हरपेक्षा हे कमी आहे, कारण फुफ्फुसाला रोज बाहेरची हवा लागते, जंतू लागतात. पण ज्यांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाता येत नव्हतं ते नळी काढून चालताना मी पाहिलेत. यातलं दोन्ही खरं आहे आणि ताईला दोन्ही सांगणारा माणूस लागतो.


पंचवटी

मी तुमच्या आईंसाठी लिहितेय, जमलं तर त्यांना वाचून दाखवा.

माझा धाकटा भाऊ बाइकवरून पडला, द्वारकेच्या पुढे, रात्रीच्या वेळी. हॉस्पिटलला नेलं तेव्हा व्हेंटिलेटरवर होता. दोन-तीन दिवसांनी डॉक्टरांनी बसवून सांगितलं की मेंदू गेलाय. आम्हाला कळेना, छाती तर हलतेय, अंग तर गरम आहे. त्यांनी सांगितलं चार डॉक्टरांचं पॅनल तपासतं, आणि कमीत कमी सहा तासांच्या अंतराने तीच तपासणी परत करतात, व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून स्वतःहून श्वास घेतो का तेही बघतात. त्याने घेतला नाही. मग वडिलांना विचारलं, आणि वडील, जे आयुष्यभर द्राक्षबागेत राबले, चौथी शिकलेले, ते म्हणाले, जे कामाला येईल ते द्या.

किडन्या गेल्या, लिव्हर गेलं, डोळे गेले. फुफ्फुसं घेता आली नाहीत, त्यात न्यूमोनिया झाला होता. मला तेव्हा त्याचं फार वाईट वाटलं होतं.

काकू, माझा भाऊ गेला तो रस्त्यावरच्या खड्ड्यामुळे आणि हेल्मेट नव्हतं त्यामुळे. कुणीतरी किडनीची वाट बघत होतं म्हणून तो गेला नाही. तुमचे जावई वाट बघोत की न बघोत, ज्याचा अपघात व्हायचा त्याचा होतोच, ज्याच्या मेंदूत रक्तस्राव व्हायचा त्याचा होतो. तुम्ही वाट बघताय ती त्या घराने "हो" म्हणण्याची. आणि ते "हो" आमच्या घराला आजही उपयोगी पडतंय. माझी आई आजही गल्लीत कुणी विचारलं की सांगते, माझ्या पोराचं लिव्हर एका बाईला आहे, तिला लहान मुलं आहेत. कोण बाई ते आम्हाला सांगत नाहीत, सांगायचं नसतंच, पण आईला तेवढं पुरतं.

नवस बोलायचाच असेल तर जावयासाठी बोला आणि जे कोणतं घर त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवर रडत असेल त्याच्यासाठीही बोला. तुमच्या मुलीला आईची गरज आहे हो. तिच्याशी आधी तुम्हीच बोला.


चालता चालता (फिजिओ)

मी छातीच्या पेशंटचे व्यायाम घेते, कॉलेज रोडला. तब्येतीचा भाग थोडक्यात, कारण बाकीचं वरच्यांनी फार चांगलं लिहिलंय.

वाट बघणं म्हणजे बेडवर पडून राहणं नाही. दम लागतो म्हणून घरचे पेशंटला हलूच देत नाहीत, पाणीसुद्धा हातात देतात, प्रेमानेच देतात, आणि महिनाभरात मांड्यांतला जोर जातो. ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवरून लवकर सुटायला हेच स्नायू लागतात. म्हणून ऑक्सिजन लावूनच चालायचं, खुर्चीतून उठबस, हातात पाण्याची छोटी बाटली घेऊन व्यायाम, किती आणि कसा ते त्यांच्या सेंटरचा फिजिओ ठरवेल. ऑक्सिमीटर किती खाली गेल्यावर थांबायचं तो आकडाही डॉक्टरांकडून लिहून घ्या, बऱ्याच जणांना ८८ सांगतात. घरच्यांनी मनाने लिटर वाढवायचे नाहीत.

वजन फार कमी झालं किंवा फार वाढलं तरी लिस्टवरून थांबवतात. दम लागल्यावर भरलं ताट जात नाही, म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा. अंडी, पनीर, डाळीचं घट्ट वरण, दाण्याची चटणी, जे चालतं ते. तुमच्या मिसेसना डबे द्यायचे असतील तर हे करून द्या, नुसते लाडू नकोत. दाजी स्टेरॉइडवर असतील तर शुगरही बघावी लागते.

घर आणि खोली दोन्हीकडे, उदबत्ती, धूप, कॉइल बंद. देवापुढची निरांजन आणि गॅसची शेगडी ऑक्सिजनच्या नळीपासून लांब, हे फार महत्त्वाचं आहे. नाक कोरडं पडतं म्हणून लोक व्हॅसलीन लावतात, ऑक्सिजनबरोबर ते नको, पाण्याचं जेल मिळतं ते लावा. ऑक्सिजनच्या मशीनला लावलेल्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर. सध्या कुंभमेळ्याच्या कामांनी शहरभर रस्ते खणलेत, त्या धुळीतून त्यांना विनाकारण फिरवू नका. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्या, मुलांनीही, कारण शाळेतून सर्दी घरी येते. आणि ज्याला शिंक आली त्याने भेटायला जायचंच नाही, मग तो सख्खा भाऊ असला तरी.

ऑपरेशननंतर पपनस बंद हेही लक्षात ठेवा, गोळ्यांची लेव्हल बिघडते. गणपतीच्या दिवसांत कुणीतरी प्रेमाने हमखास फोड देतं. ग्रेपफ्रूटचंही तेच.


हिशोबाची वही

पैशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी. ट्रान्सप्लांटचे आकडे साधारण २५ ते ४० लाखांच्या दरम्यान ऐकू येतात, आणि त्यात मुंबईचं भाडं, तिथलं खाणं, ताईचा बुडालेला पगार (करत असेल तर) आणि नंतरच्या गोळ्या धरलेल्या नसतात. त्या गोळ्या थांबत नाहीत. म्हणून जमवलेले सगळे पैसे ऑपरेशनला ओतू नका, पुढच्या एक-दोन वर्षांच्या औषधाचं वेगळं ठेवा.

तुम्ही स्वतः उचलण्यासारखं काम म्हणजे कागदपत्रं. दाजींच्या कंपनीच्या एचआरला भेटा, ग्रुप पॉलिसी किती, ती नोकरी गेल्यावर चालते का, पगारी रजा किती उरली. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय (सरकारी कामगार विमा) लागू असतं, ते विचारा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या वैद्यकीय कक्षाकडे अर्ज करता येतो, जिल्हाधिकारी कार्यालयातही त्यांचा कक्ष आहे, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि हॉस्पिटलचं खर्चाचं पत्रक लागतं. सिद्धिविनायक ट्रस्ट वैद्यकीय मदत देतं. प्रत्येक ठिकाणची रक्कम एकूण खर्चापुढे लहान असते पण चार ठिकाणची मिळून भाडं निघतं. हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर असतो, पहिल्या भेटीत त्याच्याशीच बोला, त्याला कोणत्या ट्रस्टकडे सध्या पैसे सुटतात ते माहीत असतं.

लोकांकडून जमवणार असाल तर एकच खातं, एकच वही, आणि महिन्याला हिशोब ग्रुपवर. ताईला कुणापुढे हात पसरल्यासारखं वाटू नये म्हणून ते नाव तुमचं असू दे.


दिंडोरी रोड

लिहू की नको असं झालं होतं.

माझे बाबा वाट बघतानाच गेले. लिस्टवर होते, सगळी तयारी होती, फोन आलाच नाही. असंही होतं, आणि या धाग्यात ते कुणी बोललं नाही तर उद्या कुणाला वाटेल की आपल्याच घरात काहीतरी कमी पडलं. कमी काही पडलं नव्हतं. आई रात्र रात्र बसायची, दादाने नोकरी सोडली होती.

आम्हाला एका छातीच्या डॉक्टरांनी वेळेवर सांगितलं की लिस्टवर असतानाच पॅलिएटिव्ह केअरच्या (पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या) डॉक्टरांना पण भेटा. आम्ही दचकलो, म्हटलं म्हणजे सोडून दिलं का. ते म्हणाले नाही, दम लागून जीव घाबरा होतो त्याचे उपाय त्यांना जास्त येतात, दोन्ही बरोबर चालतं. आणि खरंच शेवटचे महिने बाबांना रात्री झोप लागायची. त्याच डॉक्टरांनी बाबांना विचारलं की तुम्हाला काय काय हवंय, काय नकोय. आम्ही कुणीच विचारलं नव्हतं, सगळे धीर देण्यात गुंतलो होतो.

दादा, दाजींना पेशंट सोडून बाकी काहीतरी राहू द्या. बाबांना सगळे फक्त ऑक्सिजन किती, जेवलात का एवढंच विचारायचे. माझा मित्र यायचा तो बाबांबरोबर शेअर मार्केटवर भांडायचा, बाबा दोन शब्द बोलून थांबायचे, श्वास घ्यायचे, परत भांडायचे. त्याची ते वाट बघायचे. तुमचे दाजी सुपरवायझर आहेत, त्यांना लाइनवरच्या पोरांचे फोन लावून द्या, मशीन बंद पडलं तर काय करायचं ते विचारू दे त्यांना.

तुम्हाला फोन येवो, मनापासून.


सिडकोकर

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. काल रात्री बायको आणि मी दोघांनी बसून वाचलं, पंचवटीताईंचं आईला वाचून दाखवलं. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली फोन लाव. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, मी बाहेर जाऊन उभा राहिलो होतो, पण अर्धा-पाऊण तास चाललं.

ठरलं ते असं. सासूबाई आणि दोन्ही मुलं आमच्याकडे नाही येणार, आम्हीच त्यांच्या घरी राहायला जातोय, भाचीचा अभ्यासाचा कोपरा हलायला नको. ताईला विचारलं नाही, सांगितलं. ती रडली आणि मग म्हणाली फ्रीजचा दरवाजा नीट लागत नाही, उचलून लावावा लागतो. ग्रुप केलाय, को-ऑर्डिनेटर ताईंचं उत्तर त्यात टाकलं. एका मामांनी लगेच विचारलं मग अंदाजे नंबर किती, त्यांना बायकोने फोन करून समजावलं. दुसरा केअरगिव्हर म्हणून माझं नाव देतोय, पुढच्या ओपीडीला जाणार. दाजींच्या कंपनीतल्या दोघांना सांगितलंय फोन करायला. दिंडोरी रोडवाले दादा, तुमचं ताईला आत्ता नाही दाखवलं, पण त्या डॉक्टरांबद्दल ओपीडीत मीच विचारणार आहे.

आता एक व्यवहारातला प्रश्न. मुंबईच्या खोलीत इन्व्हर्टर नाही, मालक म्हणतो लाइट जात नाही, पण पावसात कुणाची जात नाही? ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं, विजेवर चालणारं मशीन) आहे. काय बॅकअप ठेवू?


नाशिकरोडची वहिनी

मालकाच्या भरवशावर राहू नका. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं. ९०० व्हीए इन्व्हर्टर आणि १५० एएचची नवी बॅटरी असेल आणि त्यावर फक्त मशीन चालवलं, पंखा-टीव्ही काही नाही, तर तीनेक तास धरा. त्याच्या मागे बी टाइप सिलिंडर भरलेला हवाच, त्यात १५०० लिटरच्या आसपास ऑक्सिजन असतो, ३ लिटरने आठेक तास जातो. रेग्युलेटर आणि पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा, अंधारात शोधायला लागू नये. ताईला आणि दाजींनाही सिलिंडर उघडून लावायला शिकवा, सप्लायरकडून समोर उभं राहून करून घ्या.

आणि बाहेर जायला छोटा वेगळा. हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा आमच्याकडे लिफ्ट बंद होती, चार मजले उतरायला वेळ लागतो त्यांना, तेवढा पुरेल असा भरून ठेवा. खोली अजून फायनल झाली नसेल तर तळमजलाच बघा.